मोठी पेटी

सोलापुरात दक्षिण कसब्यातल्या आमच्या वाड्यात चैत्र लागला की तीन ठिकाणी पाणी ठेवतात. देवडीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रांजण, माळवदावर चिमण्यांसाठी परळ आणि माडीवर मोठ्या पेटीच्या पोटात तांब्या. पहिल्या दोन पाण्यांचं कारण कुणालाही कळतं. तिसऱ्याचं कारण आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी ते पाणी कधी चुकलेलं मला आठवत नाही. आई होती तोवर आई ठेवायची, आता वहिनी ठेवते. दर दोन-तीन दिवसांनी खालची फळी काढायची, तांब्या भरायचा, फळी पुन्हा लावायची. मृगाचा पाऊस पडला की तांब्या बाहेर येतो, चिंचेनं घासला जातो आणि पुढच्या चैत्रापर्यंत फडताळात बसतो.

मी लहानपणी आईला विचारलं होतं, पेटीला तहान लागते का? आई म्हणाली, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा घडा देतात ना, तसंच असेल काहीतरी. तिच्या सासूबाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, की हे पाणी चुकवायचं नाही. आईनं चुकवलं नाही.

मोठी पेटी म्हणजे पियानो. हार्मोनियमला आमच्याकडे पेटी म्हणतात, म्हणून हा मोठी पेटी. 'पियानो' हा शब्द घरात फक्त पाहुण्यांसमोर यायचा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नातेवाईक जमायचे, नंदीध्वजांची मिरवणूक बघून यायचे, आणि मग पोरांना माडीवर नेऊन मोठी पेटी दाखवायची हा कार्यक्रम ठरलेला असे. झाकण उघडायचं, प्रत्येकानं एकदा बोट लावायचं, आतून काहीतरी गढूळ, थरथरता आवाज यायचा, पोरं खूश व्हायची, झाकण बंद. वर्षातून एवढंच वाजणं.

दिसायला तो अजूनही देखणा आहे. उभा पियानो, गडद तपकिरी लाकडाचा. पुढच्या फळीवर दोन बाजूंना दोन पितळी हात, मेणबत्त्या लावायला. खाली दोन पायपट्ट्या. पट्ट्यांवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कधीकाळी सोनेरी अक्षरांत कारखान्याचं नाव होतं. पुसून पुसून ते गेलं आणि शेवटचं 'लंडन' तेवढं राहिलं. एका बाईनं गाव सांगावं आणि नाव सांगू नये, तसं.

या पियानोच्या गोष्टी मात्र घरात भरपूर होत्या. थोरल्या चुलत्यांच्या मते तो गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबाचा. 1930 च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, 12 मे रोजी मार्शल लॉ लागला, त्या धांदलीत साहेबाची मडम पियानो टाकून गेली आणि पणजोबांनी तो घेतला. चुलते ही गोष्ट सांगताना हमखास चार हुतात्म्यांपर्यंत जात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे ही नावं ते थांबून थांबून, एकेक करून उच्चारत. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी दिलं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पियानो बाजूलाच राहायचा, आणि तेच बरोबर होतं.

दुसरी गोष्ट चुलतआजीची. तिच्या मते पियानो मिशनच्या बाईंचा. अमेरिकन मराठी मिशननं सोलापुरात शाळा चालवल्या, हे खरंच आहे. त्या मंडळींच्या प्रार्थनेत वाद्य असायचं, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीमुळे मराठी ख्रिस्ती भजनं आपल्या वृत्तांत, आपल्या चालींत आली होती. त्या बाई मायदेशी परतताना पियानो आमच्या पणजोबांना देऊन गेल्या म्हणे. का दिला, याचं उत्तर चुलतआजीकडे नव्हतं.

तिसरी गोष्ट माझ्या वडिलांची. पणजोबांचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान. माल घ्यायला ते मुंबईला जात, तिथं एका लिलावात त्यांनी तो घेतला. 1863 मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाल्यापासून मुंबईचा माल आगगाडीनं थेट सोलापूर स्टेशनात उतरत होता, तेव्हा हेही अशक्य नाही. तो काळच तसा होता. अप्पासाहेब वारदांनी इंद्रभुवन बांधलं, ज्यात आज महापालिका आहे, त्या काळच्या सोलापुरात कापसाचा आणि सुताचा पैसा खेळत होता, आणि दिवाणखान्यात झुंबर, बिल्लोरी आरसे आणि विलायती वाद्य असणं ही प्रतिष्ठेची खूण होती.

तिन्ही गोष्टी शेवटी एका जागी येत. पियानो बैलगाडीतून कसब्यात आला, जिन्यातून वर जाईना, म्हणून माडीच्या खिडकीची चौकट काढली, कासऱ्यांनी बांधून आठ माणसांनी तो वर ओढला. ती चौकट पुन्हा बसवताना तिरकी बसली, ती आजही तिरकी आहे. इथं गोष्ट संपायची. साहेब, मडम, लिलाव, बैलगाडी, दोर, खिडकी. एवढं सगळं दारापर्यंत. वाड्यात आल्यावर त्या पियानोचं पुढं काय झालं, याची गोष्टच नव्हती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, पन्नाशी उलटल्यावर.

गेल्या वर्षी वाटण्यांचा विषय निघाला. वाडा राहील की जाईल हे अजून ठरलेलं नाही, पण वस्तूंची यादी झाली. बळदाची लाकडी झाकणं, घंगाळं, समया, तुळया. मोठ्या पेटीपुढं काय लिहायचं हे कुणाला कळेना. जुन्या वस्तू घेणारे एक जण येऊन गेले. त्यांना पियानो नको होता, फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरचा हस्तिदंत हवा होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढं ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. त्यांच्या हसण्याचा मला इतका राग आला, की त्याच रात्री मी पुण्यातल्या एका पियानो ट्यूनरना फोन लावला.

साठीतले गृहस्थ. वडीलही हेच काम करायचे. हुतात्मा एक्स्प्रेसनं आदल्या रात्री उतरले आणि सकाळी सात वाजताच, ऊन चढायच्या आत, वाड्यावर हजर. एप्रिलचा शेवट होता. माडीवर गेल्यावर त्यांनी पियानोला हात लावला नाही. आधी खिडक्या पाहिल्या. ऊन कुठून येतं, भिंत कुठली तापते, माळवदाला किती माती आहे, हे विचारलं. मग गुडघ्यावर बसून खालची फळी काढली आणि तसेच थांबले.

"हे पाणी कोण ठेवतं?"

वहिनी दारात उभी होती. तिला वाटलं चूक झाली. घाईनं म्हणाली, "काढते लगेच. आमच्याकडं पहिल्यापासून पद्धत आहे म्हणून..."

"काढू नका," ते म्हणाले. "ज्यानं ही पद्धत घातली त्याला वाद्य कळत होतं."

मग त्यांनी ते समजावलं, आणि मी ते इथं जमेल तसं सांगते. पियानोच्या पाठीला आतून एक मोठी पातळ फळी असते, स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. तिला साउंडबोर्ड म्हणतात. तंबोऱ्याला जसा भोपळा आणि तबली, तशी पियानोला ही फळी. तारेचा आवाज मोठा होतो तो हिच्यामुळे. ही फळी सपाट नसते, तारांच्या बाजूला किंचित फुगीर असते. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं, फुगवटा बसतो, तारांचा ताण कमी होतो आणि सूर उतरतो. पावसाळ्यात उलटं होतं. मुंबईत पियानोचा शत्रू ओल आहे, म्हणून तिथं लोक पियानोच्या आत बल्ब लावून ठेवतात. सोलापुरात शत्रू कोरडेपणा. उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो, हवेत ओल अशी उरतच नाही. फळी तडकते. ज्या लाकडी ठोकळ्यात तारांच्या खुंट्या रुतवलेल्या असतात तो सुकतो, खुंट्या सैल पडतात, तार धरून ठेवत नाहीत. पोटात पाण्याचं भांडं ठेवलं की निदान आतल्या हवेत थोडा ओलावा राहतो. साधा उपाय आहे, पण नेमका.

त्यांनी बॅटरीच्या उजेडात साउंडबोर्ड तपासला. खालच्या कोपऱ्यात केसाएवढी एक भेग. बस्स. "या गावात, या वयाच्या पियानोला, एवढीच," ते स्वतःशीच म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. वीस वर्षं ती तांब्या भरत होती.

मग वय निघालं. कारखान्याचं नाव गेलेलं. आत एक क्रमांक ठोकलेला सापडला, पण नावाशिवाय क्रमांक म्हणजे गाव माहीत नसलेल्या घराचा नंबर. तेव्हा त्यांनी शरीरावरून वय काढलं, बैल घेताना दात बघतात तसं. पट्ट्या 85, म्हणजे सात सप्तकं. आजच्या पियानोला 88 असतात. तारा सगळ्या सरळ उभ्या. पुढच्या काळात खर्जाच्या तारा तिरक्या, दुसऱ्या तारांवरून नेऊ लागले, तशी रचना इथं नाही. तार दाबून आवाज थांबवणारे डॅम्पर हातोड्यांच्या वरच्या बाजूला, तारांच्या जाळीतून ओढले जाणारे. इंग्लंडात ही तऱ्हा फार काळ टिकली. आत बिडाची चौकट आहे. दोनशेहून अधिक तारा मिळून पियानोत 15 ते 20 टन ताण धरतात, नुसत्या लाकडाचं ते काम नाही. त्यात मेणबत्त्यांचे हात. आणि जागोजागी पितळी स्क्रू. थंड देशात सरसानं चिकटवलेलं लाकूड टिकतं, पण उष्ण देशांत सरस सुटतो, म्हणून इकडे पाठवायच्या पियानोंना कारखाने वरून स्क्रू मारत. एकूण अंदाज, 1880 ते 1910 च्या दरम्यानचा, आणि बनवतानाच आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून बनवलेला.

मला तो क्षण फार महत्त्वाचा वाटला. कुणीतरी लंडनमध्ये बसून आमच्या उन्हाचा विचार केला होता. आणि इथं वाड्यात कुणीतरी लंडनच्या लाकडाचा विचार केला होता.

पियानो या वाद्याची सुरुवातही अशी एका माणसाच्या विचारातून झाली आहे. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी, पादुआचा. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी होता. त्याच्या आधीची पट्ट्यांची मोठी वाद्यं तार छेडायची; पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. यानं 1700 च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडी मारायची युक्ती काढली. अवघड भाग पुढचा होता. हातोडी तारेला लागून लगेच मागं यायला हवी, तिथं टेकून राहिली तर तार मुकी होते. त्यानं ती सोडवणूक शोधली, आणि बोटाचा जोर प्रथमच आवाजात उतरला. हळू आणि जोरात, पियानो आणि फोर्ते, यावरूनच वाद्याला नाव मिळालं. त्याच्या हातचे तीन पियानो आज शिल्लक आहेत, न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगच्या संग्रहालयांत. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. संतूर वाजतं ते याच न्यायानं, फक्त तिथं हातोडी हातात असते.

दुपारी त्यांनी पट्ट्या काढल्या. एकेक पट्टी म्हणजे लांब लाकडी दांडी, ती उचलली की खाली धुळीचा थर, उंदरांनी ओढून आणलेले ज्वारीचे कणीस-काड्या, कसरीनं खाल्लेल्या नमद्याची पूड. त्या धुळीत केसांच्या दोन आकड्या आणि एक भोकाचा पैसा सापडला. भोकाचे पैसे 1943 ते 1947 या काळात निघाले, त्यामुळे निदान तेव्हा हे झाकण उघडं असायचं एवढं नक्की. आकड्या कुणाच्या?

पट्ट्या पुसून ओळीनं सतरंजीवर मांडल्या होत्या. ट्यूनरकाकांनी बॅटरी आडवी धरली, पट्ट्यांच्या जवळजवळ सपाटीला, आणि मला वाकून बघायला सांगितलं. हस्तिदंत झिजतो. वर्षानुवर्षं बोट पडलं की तिथं उथळ खळगा होतो. वरून दिसत नाही. तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. मधल्या दोन सप्तकांत खळगे होते. पण सगळ्या पट्ट्यांना नव्हते. सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांना आपल्याकडे डावीकडून आकडे देतात, काकाही तसेच बोलत होते.

"बघा गंमत," ते म्हणाले. "इंग्लिश बाई वाजवत असती, चर्चची गाणी वाजवत असती, तर पांढऱ्या सगळ्या झिजल्या असत्या. कमी-जास्त, पण सगळ्या. इथं पांढरी एक, चार आणि पाच खोल गेल्यात. दोन आणि सहा थोड्या. तीन आणि सात जवळजवळ कोऱ्या. आणि काळ्या बघा, कशा गुळगुळीत झाल्यात. असं इंग्लिश वाजवणं मी नाही पाहिलं."

त्यांना ते कोडं वाटलं. मला वाटलं नाही. मी फार शिकलेली नाही, पण पेटीवर बसून चार वर्षं सारेगम घोटलेलं आहे, आणि आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुलींचा सा काळी चार. मी सतरंजीवरच बोटांनी मोजलं. काळी चार सा धरला तर रे काळी पाच. ग पांढरी एक. म काळी एक, प काळी दोन. ध पांढरी चार. नी पांढरी पाच.

एक, चार, पाच.

तिथं बसून मी ते तीनदा मोजलं. कुठली मडम नाही, मिशनची बाई नाही. आपली सारेगम म्हणणारी, काळी चारमध्ये गाणारी एक बाई या पियानोवर बसत होती, आणि हस्तिदंताला खळगा पडेपर्यंत बसत होती. त्याला वर्षं लागतात. आमच्याच घरात, आमच्याच माडीवर.

मग दोन आणि सहा कशा झिजल्या? याचं उत्तर काकांनी दिलं, नकळत. त्यांनी सूर मोजला तेव्हा मधला भाग जवळजवळ एक पूर्ण स्वर उतरलेला होता. पांढरी सहा दाबली की पांढरी पाच बोलायची. ट्यूनर आला नाही की असं होतं, दर उन्हाळ्यात थोडं थोडं. आणि सा काळी पाचवर नेला, तर रे पांढरी एक, ग पांढरी दोन, म काळी दोन, प पांढरी चार, ध पांढरी पाच, नी पांढरी सहा. दोन आणि सहा त्यात येतात. तीन आणि सात तेव्हाही बाहेरच राहतात. पेटी उतरत गेली, आणि आपला गळा जिथं होता तिथंच ठेवायला ती बाई एक पट्टी वर सरकली. काकांनी ते ऐकलं, स्वतः मोजून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याला आणलं. आत्या शहाऐंशी वर्षांची, विजापूर रोडला मुलाकडे असते. तिला जिना चढवला, खुर्चीवर बसवलं. मी विचारलं, "आत्या, मोठ्या पेटीवर कोण गायचं गं?"

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू हा प्रश्न विचारायला आम्ही फारच वर्षं लावली.

"थोरल्या काकू," ती म्हणाली.

थोरल्या काकू म्हणजे आत्याच्या थोरल्या चुलत्याची बायको. भिंतीवर त्यांचा एकच फोटो आहे, चुलत्यांबरोबर बसलेला, डोक्यावरून पदर. माहेर मिरजेचं. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी घडवणारं गाव. तिथल्या मुलीला लाकूड आणि हवा यांचं नातं कळत असेल तर नवल नाही. गळ्याला तिथंच वळण लागलं असणार. पण कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात सुनेनं गाणं ही तेव्हा बोलायची गोष्ट नव्हती. नाटक कंपन्यांची पदं सगळ्यांना हवी होती, पायपेटीचे सूर ऐकायला पुरुष रात्र-रात्र थिएटरात बसत, पण घरातल्या बाईनं तोंड उघडलं की अब्रू जायची.

"दुपारी दुकानातली माणसं दुकानात, घरातल्या बायका आडव्या झालेल्या. त्या वेळेला काकू वर यायच्या," आत्या सांगत होती. "मी सहा-सात वर्षांची असेन. मला खिडकीत बसवायच्या, त्या तिरक्या खिडकीत. गल्लीत आजोबांची टोपी दिसली की खोकायचं. एवढं माझं काम. खोकले की झाकण पडायचं आणि काकू जिन्यानं खाली. मला त्याबद्दल एक पैसा मिळायचा."

मी तिच्या तळहातावर भोकाचा पैसा ठेवला. ती हसली नाही, रडली नाही. बोटाच्या टोकानं भोक चाचपत राहिली.

मी विचारलं, काय गायच्या? नावं तिला सांगता येईनात, पण दोन ओळी गुणगुणली. भूप राग होता. मग काहीतरी देससारखं. मी पट्ट्या आठवल्या आणि विचारलं, "भैरवी नाही गायच्या?" कारण भैरवीला ग आणि ध कोमल लागतात, आणि काळी चारमध्ये कोमल गंधार म्हणजे पांढरी सात आणि कोमल धैवत म्हणजे पांढरी तीन. त्याच दोन कोऱ्या होत्या.

"भैरवीनं बैठक संपवायची असते," आत्या म्हणाली. "काकूंची कधी संपली? कोणतरी यायचंच."

पियानोवर आपलं गाणं निघतं का, हा प्रश्न मला कुणीतरी विचारीलच. मींड निघत नाही. एका सुरातून दुसऱ्यात घसरता येत नाही, आघात झाला की सूर विरू लागतो. शिवाय बाराही स्वर समान अंतरावर बसवलेले, त्यामुळे शुद्ध गंधार आपल्या कानाला चढा लागतो. हार्मोनियमवर हाच आरोप होता आणि 1940 ते 1971 अशी तीस वर्षं आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं. सगळं खरं आहे. पण थोरल्या काकूंना मैफल करायची नव्हती. त्यांना सा हवा होता. धरून बसायला एक सा. हार्मोनियम मुद्दाम घ्यावी लागली असती, भाता हलवताना दिसली असती. मोठी पेटी दिवाणखान्यात आधीच उभी होती, घराण्याच्या शोभेसाठी. शोभेच्या वस्तूजवळ कोण बसलं याकडे लक्ष जात नाही. तिकडे कोलकात्यात टागोरांच्या जोडासांकोच्या घरात ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर चाली रचायचे आणि धाकटे भाऊ रवींद्रनाथ शेजारी बसून त्यांना शब्द द्यायचे, ते साऱ्या जगाला माहीत आहे. आमच्या माडीवर एक बाई सा दाबून हळू आवाजात भूप गात होती, आणि ते फक्त खिडकीतल्या एका मुलीला माहीत होतं.

काकू कधी थांबल्या ते आत्याला आठवत नाही. तिचं लग्न झालं, ती सोलापूर सोडून गेली, काही वर्षांनी काकू गेल्याचं पत्र आलं. तांब्याचं मात्र तिनं सांगितलं. काकूंनीच ते सुरू केलं. धाकट्या जावेला म्हणाल्या होत्या, माझ्यामागं एवढं पाणी चुकवू नको. ती धाकटी जाऊ म्हणजे माझी आजी. तिनं कारण विचारलं नसेल, किंवा विचारलं असेल आणि पुढं सांगितलं नसेल. माझ्या आईला फक्त पाणी मिळालं, कारण मिळालं नाही.

त्या साहेबाच्या, मडमेच्या, लिलावाच्या गोष्टी किती रंगवून सांगितल्या जायच्या, हे आठवून मला आता घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. आठ माणसांनी दोर ओढल्याचं सगळ्यांना माहीत. ज्या बाईनं तो पियानो झिजवला तिचं कुणीच सांगितलं नाही.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगते. कसर लागलेले नमदे बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या फिती नव्या बसवल्या, तुटलेल्या चार तारा घातल्या. दोन खेपा झाल्या. खळगे पडलेल्या पट्ट्यांबद्दल काकांनी विचारलं, घासून सपाट करून देऊ का, हाताला बरं लागेल. मी नको म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच मान हलवली.

खरा प्रश्न सुराचा होता. आज जगभर पियानो ज्या सुराला लावतात तो 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरला, मधला 'ए' 440 कंपनांना. आमचा पियानो त्याहून एक स्वर खाली. वर चढवायचा तर एवढ्या जुन्या तारा तुटतील, बिडाच्या चौकटीवर ताण येईल, कदाचित ती केसाएवढी भेग वाढेल. काकांचं म्हणणं पडलं की आहे तिथंच, एक स्वर खाली, आतल्या आत नीट जुळवून घ्यावा. दुसऱ्या वाद्याबरोबर वाजवता येणार नाही. पण सांभाळायचा तर असाच.

भावानं यादीत मोठ्या पेटीपुढं अजून काही लिहिलेलं नाही. मी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेच्या शेवटी, काम संपल्यावर, आत्या पुन्हा आली होती. मी फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावलं, काळी चार. तंबोरा झंकारत राहिला. आत्या उठली, एका हातानं माझा खांदा धरला, आणि दुसऱ्या हाताचं वाकडं झालेलं बोट पियानोच्या काळी पाचवर ठेवून दाबलं. फोनमधल्या तंबोऱ्याच्या साला पियानोचा सा जाऊन मिळाला. अगदी काटेकोर नाही, किंचित थरथर होती दोघांच्या मध्ये, पण मिळाला. तिनं बोट तसंच ठेवलं, आवाज विरेपर्यंत. मग पुन्हा दाबलं.

खिडकीत वहिनीची मुलगी बसली होती, त्या तिरक्या चौकटीला पाठ लावून. आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोकू नको हं आता."

वहिनीनं खालची फळी काढून पाहिली. तांब्या अर्ध्यावर आला होता. ती पाणी आणायला खाली गेली.